धावेपासून ट्रकच्या पत्र्यापर्यंत

आपल्या लोहार समाजाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे वक्ते बहुधा विश्वकर्म्यापासून आरंभ करतात आणि दिल्लीच्या लोहस्तंभापाशी येऊन थांबतात. तो अभिमान योग्यच आहे. सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा, सहा टनांहून अधिक वजनाचा तो स्तंभ लोखंडाचे तप्त गोळे ठोकून एकजीव केलेला आहे. परंतु गेल्या शतकात आपल्या वाडवडिलांनी काय केले, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यातील एक लहानसे प्रकरण, जुन्या ट्रकला नवा पत्रा जोडण्याचे, ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवी. पट्टीची दोन टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवावयाची, वर वाळू टाकावयाची, म्हणजे लोखंडावरील मळी वितळून निघून जाते. मग घणाच्या घावांनी सांधा एक करावयाचा. ही विद्या जाड लोखंडाची. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा भट्टीत असा तापविला, तर तो जळूनच जावयाचा.

त्या पत्र्यासाठी निराळा अग्नी लागला. ॲसिटिलीन वायूचा शोध १८३६ साली एडमंड डेव्ही यांनी लावला. १८९२ साली विल्सन यांना कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात करण्याची रीत सापडली. १८९५ साली ल शातलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले की, हा वायू प्राणवायूत जाळल्यास ज्योतीची उष्णता ३००० अंशांच्या वर जाते. पोलाद तर १५०० अंशांच्या आसपास वितळते! १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्येच या ज्योतीची हाती धरण्याजोगी नळी तयार झाली. अमेरिकेत एडवर्ड बड यांनी १९१४ साली डॉज बंधूंच्या मोटारीसाठी लाकडी सांगाड्याऐवजी संपूर्ण पोलादी, वेल्डिंगने जोडलेली काया पुरविली. जी काया वेल्डिंगने जन्मली, तिची दुरुस्तीही वेल्डिंगनेच होणार, हे ओघानेच आले.

आपल्याकडे १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. तो कारखाना १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १९५४ साली टेल्कोने जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे ट्रक काढण्यास आरंभ केला. पुष्कळ ट्रक नुसते इंजिन व चेसिस अशा रूपाने मिळत. वरचा हौदा सुताराने आणि लोहाराने बांधावयाचा. अशा रीतीने धाव चढविणारे हात हमरस्त्यावर आले.

माझ्या वडिलांचे पत्राकामाचे दुकान कराडजवळ होते. कार्बाइडवर पाणी सोडून ते गॅस करीत, आणि उरलेल्या चुन्याने खंडेनवमीपूर्वी दुकानाची भिंत पांढरी होई. १९७६ साली मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसलो होतो. एका फार्गोच्या केबिनचा कोपरा गंजला होता. चांगले लोखंड लागेपर्यंत गंजका भाग कापावयाचा, त्याच मापाचा नवा पत्रा बसवावयाचा, दरवाजा नीट लागतो की नाही ते पाहावयाचे आणि मगच ज्योत लावावयाची, असा वडिलांचा दंडक. ते जेवावयास गेले असता मी हुशारी करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जोड मारला. पत्र्याला पोट आले, दरवाजा लागेना.

वडील रागावले नाहीत. म्हणाले, “तुझी आई कापड शिवताना आधी कच्चे टाके घालते ना? लोखंडालाही तेच. एक टाका इथे, दुसरा तिथे, मध्ये निवू द्यायचे.” उष्णतेने पत्रा पसरतो व निवताना आकसतो, ती उष्णता एके ठिकाणी साठू द्यावयाची नाही, हे त्यातील शास्त्र. त्यांनी तो पत्रा कापून काढला, पदरच्या पैशाने दुसरा आणला आणि मालकाला विलंबाचे खरे कारण सांगितले. गॅसचा जोड मऊ असतो. त्यावर हातोडी चालवून त्यांनी तो इतका सपाट केला की, रंगानंतर सांधा कोठे आहे हे मालकालाही सापडले नाही.

पुढे मी शिक्षक झालो. दुकान थोरल्या बंधूंनी चालविले. तेही आज नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने तसाच एक जुना ट्रक दुरुस्तीस घेतला. त्याच्यापाशी तारेचे नवे वेल्डिंग यंत्र आहे. त्याचा जोड झटपट होतो, परंतु कठीण असतो आणि हातोडीला सहजी नमत नाही. तो मला म्हणाला, “काका, आजोबा केबिनचा गोल कोपरा कसा वळवीत? कुठे लिहून ठेवले आहे का?”

मी तेहतीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. राजांच्या सनावळ्या मला तोंडपाठ. पण या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते.

ट्रकच्या बॉनेटवर कंपनीचे नाव असते. ज्याने तो ट्रक तीनदा मरणातून उठविला, त्याचे नाव कोठेच नसते. आणि उत्तम जोड तर दिसतही नाही. म्हणून माझी नम्र विनंती अशी की, ज्यांच्या घरी अद्याप असा कारागीर हयात असेल, त्यांनी त्याच्याजवळ वही घेऊन बसावे. मला उशीर झाला. आपणांस होऊ नये.