घेऊन जा गे मारबत!

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या इतवारीत हजारो तोंडांतून एकच आरोळी उठते: ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ इडापिडेच्या जागी ज्याला जे नकोसे झाले आहे त्याचे नाव घालायचे. खोकला, महागाई, लाचखोरी, काहीही चालते. शेवटचे चार शब्द मात्र ठरलेले. नागपूरकराला आपला राग चारचौघांत, भर रस्त्यात मांडायला या आरोळीने जेवढी मोकळीक दिली तेवढी दुसऱ्या कशानेच दिली नसेल.

बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांचे दोन प्रचंड स्त्रीपुतळे या दिवशी निघतात. काळ्या मारबतीची सुरुवात 1881 ची आणि पिवळीची 1885 ची मानली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते आणि ती तऱ्हाणे तेली समाजाची. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघींची भेट होते, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. पिवळीला नारळ-हार वाहतात, लहान मुलांना तिच्या पाया पडायला आणतात, आणि मिरवणूक संपल्यावर तिला नाईक तलावाकडे नेऊन जाळतात. पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव 1893 च्या सुमारास उभा राहिला. त्याआधी आठ-बारा वर्षे नागपूरची तेली-कोष्ट्यांची वस्ती वाजतगाजत रस्त्यावर उतरत होती. महाराष्ट्राच्या सार्वजनिक उत्सवांचा इतिहास लिहिताना याची नोंद फार क्वचित घेतली जाते, याची मला खंत आहे.

उगमाबद्दल शहरात सर्वमान्य असलेली गोष्ट अशी. काळी मारबत म्हणजे बांकाबाई भोसले. दुसऱ्या रघुजीची ही राणी इंग्रजांना जाऊन मिळाली, तिच्यामुळे भोसल्यांचे राज्य गेले, म्हणून लोकांनी तिचा काळा पुतळा करून जाळला. पिवळी मारबत इंग्रजी अमलाच्या विरोधात आणि रोगराई हटावी म्हणून. दुसरी एक कथा काळीला पूतना राक्षसीशी जोडते.

पण इतवारीतून बाहेर पडून भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या खेड्यांत जा. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उचलून पोरे आणि गडी गावाच्या शिवेकडे पळत सुटतात. तोंडाने खासी, खोकला, ढेकूण, मच्छर, राईरोग अशी सगळी नावे घेत ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत फांद्या शिवेपलीकडे फेकतात. गोंदियाच्या पट्ट्यात आणि पलीकडे बालाघाटात हीच बाई ‘नारबोद’ होते. तिथे बांकाबाई कुणाच्या गावी नाही. श्रावणाच्या सरत्या पावसात ताप, हगवण, डास, गोचिड यांनी माणूस आणि बैल दोघेही बेजार होतात. त्या दिवसांतली ही पीडा गावाबाहेर काढण्याची रीत आहे. म्हणून माझे मत असे की आरोळी आधीची आणि राजकारण नंतरचे. नागपूरच्या पेठांनी शेतकऱ्याच्या तोंडचे तयार वाक्य घेतले आणि त्यात गोचिडाच्या शेजारी साहेबाला बसवले. सभा, निवेदन, वर्तमानपत्र यांपासून दूर असलेल्या माणसाला हे वाक्य पाळण्यापासून पाठ होते. विरोध कसा करायचा हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

बांकाबाईबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. दुसरा रघुजी 1816 साली वारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो त्याच्या पुतण्याने, अप्पासाहेब भोसल्याने. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गादीवरच्या परसोजीचा खून झाला, तोही अप्पासाहेबानेच करवला असे इतिहासकार मानतात. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर तो इंग्रजांविरुद्ध लढला आणि हरला. लोकांच्या आठवणीत तो लढवय्या म्हणून उरला. बांकाबाई त्याच्या विरोधात होती आणि पुढे अल्पवयीन तिसऱ्या रघुजीच्या काळात रेसिडेंटच्या छायेत वाड्याचा कारभार पाहत होती. 1853 च्या डिसेंबरात तिसरा रघुजी वारला, औरस वारस नाही म्हणून राज्य खालसा झाले, हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात निघाले. वाड्यातले सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी तेव्हा इंग्रजांना दिली ती याच म्हाताऱ्या बाईने. 1857 च्या उठावापासून तिने भोसल्यांना दूर ठेवले, हेही खरे, आणि लोकांचा रोष बहुधा त्यावरचा. 1858 मध्ये ती वारली. तह करणाऱ्या पुरुषाचा पुतळा झाला नाही, बाईचा झाला, आणि तो दरसाल जळतो. मारबतीवर माझे प्रेम आहे, म्हणूनच ही बाजूही चौकात सांगितली जावी असे मला वाटते.

मारबतीच्या मागे बडगे निघतात. बडग्या हा पुरुषपुतळा, आणि शहराची खरी कल्पकता त्याच्यात दिसते. मारबतीचे रंग-रूप ठरलेले असते, बडग्या मात्र दरवर्षी नवा. त्या त्या वर्षी लोकांना काय टोचते आहे ते त्याच्या गळ्यातल्या पाटीवर लिहिलेले असते: पेट्रोलचा भाव, रस्त्यातले खड्डे, घोटाळे, पाकपुरस्कृत दहशतवाद. गल्लीतली मंडळे आठवडाभर रात्री जागून तो बांधतात. पाटीवर काय लिहायचे यावर खूप वाद होतात, कारण वर्षभराच्या तक्रारींतून एकच निवडायची असते. 2025 साली अमेरिकेने भारतीय मालावर जबर आयातशुल्क लादले, तेव्हा डोनाल्ड ट्रम्पचा बडग्या इतवारीतून फिरला. पाटी नवी होती, आरोळी मात्र शिवेवर पळसाची फांदी फेकणाऱ्या पोराचीच.