गाणे नसलेला पाशा

जुने ऑपेरे आज रंगभूमीवर आणताना त्यांत फेरफार करावेत की नाहीत, हा वाद युरोपात गेली कित्येक दशके चालू आहे. त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण हा वाद ज्या ऑपेरांवरून रंगला, त्यांतल्या एका प्रसिद्ध ऑपेराचा सर्वांत उदार आणि सर्वांत क्रूर असे दोन्ही माणसे मुसलमान आहेत. त्यांचे काय केले गेले, हे आपण पाहायला हवे.

तो ऑपेरा मोझार्टचा. ‘दी एन्टफ्यूरुंग आउस डेम झेराइल’, म्हणजे ‘जनानखान्यातून पलायन’. १६ जुलै १७८२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. उस्मानी फौजांनी याच शहराला १५२९ आणि १६८३ असा दोनदा वेढा घातला होता. पुढच्या शंभर वर्षांत ती दहशत ओसरली आणि तुर्की गोष्टींची हौस सुरू झाली. मोझार्टनेही जानिसारी फौजेच्या बँडची आठवण देणारे मोठे ढोल, झांजा आणि ट्रँगल या संगीतात वाजवले. रचनेचा प्रकार आपल्या संगीत नाटकासारखा होता. पदे गायची आणि मधले संवाद गद्यात बोलायचे.

कथा थोडक्यात अशी. समुद्री चाच्यांनी पळवलेली कॉन्स्टान्झे, तिची दासी ब्लोंडे आणि नोकर पेड्रिलो हे तिघे सलीम पाशाच्या वाड्यात आहेत. पाशाचे कॉन्स्टान्झेवर प्रेम आहे. तो धमकावतो, पण जबरदस्ती करीत नाही. तिचा प्रियकर बेलमोंटे तिला सोडवायला येतो आणि चौघेही पळताना पकडले जातात. बेलमोंटे पाशाच्या हाडवैऱ्याचा मुलगा निघतो. त्याच वैऱ्यामुळे पाशाला वतन, दौलत आणि आपली प्रेयसी गमवावी लागलेली असते. तरीही पाशा चौघांना सोडून देतो. अन्यायाला उपकाराने उत्तर देण्यात जे समाधान आहे, ते सूडात नाही, असा त्याचा विचार.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही कथा मुळात ब्रेट्झनर या लेखकाची होती आणि त्याच्या संहितेत बेलमोंटे हा पाशाचाच हरवलेला मुलगा होता. बापाने मुलाला माफ केले, यात मोठे काय? मोझार्टसाठी ही संहिता नव्याने लिहिणाऱ्या श्टेफानीने मुलाच्या जागी वैऱ्याचा मुलगा आणला आणि माफीला मोल आले. म्हणजे जे मूळ म्हणून आज जपले जाते, तेच एका फेरफारातून जन्मलेले आहे. त्यामुळे फेरफार म्हटले की विटाळ, ही भूमिका आम्हाला पटत नाही.

मुळात खोटही आहे. पाशा जन्माने तुर्क नाही, धर्म बदललेला युरोपीय आहे. जन्माने तुर्क तो वाड्याचा रखवालदार ओस्मीन, आणि तो क्रूर, बाईलवेडा, दारूच्या एका बाटलीला फसणारा. चांगुलपणा युरोपातून आलेला आणि रानटीपणा इथला, अशी ही सरळ वाटणी. तरी ओस्मीनच्या वाट्याला मोझार्टने अस्सल संगीत दिले. संताप कितीही भडकला तरी संगीताने संगीतच राहिले पाहिजे, असे त्याने १७८१ साली वडिलांना याच पात्राविषयी लिहिले होते.

पाशाला मात्र एकही पद नाही. तो फक्त बोलतो. आजचा दिग्दर्शक मोझार्टचे सूर सहसा बदलत नाही. बदलतो ते गद्य. ज्यांना पदे आहेत, त्यांचे रक्षण मोझार्ट करतो. पाशाचे सारे अस्तित्व गद्यात, म्हणून प्रत्येक नव्या प्रयोगात तो दिग्दर्शकाच्या हाती सापडतो.

१९९७ मध्ये साल्झबर्ग येथे जेरुसलेमच्या अल-हकवाती नाट्यसंस्थेचे एक संस्थापक फ्रान्स्वा अबू सालेम यांनी हा खेळ आजच्या पश्चिम आशियात आणून बसवला. पुढे जुलै २०१५ मध्ये फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्सच्या महोत्सवात मार्टिन कुशेय यांनी तो १९२० च्या सुमाराच्या वाळवंटात नेला आणि संवाद नव्याने लिहवून घेतले. तेथे पाशा सोडतो, पण ओस्मीन परस्पर त्या पाहुण्यांचा जीव घेतो. त्याच्या काही दिवस आधी फ्रान्समध्येच एका इसमाचा शिरच्छेद झाला होता, म्हणून महोत्सवाच्या संचालकांच्या सांगण्यावरून शिरच्छेदाची दृश्ये आणि काळा झेंडा वगळण्यात आला. तरी शेवट तोच राहिला. मोझार्टचे संगीत माफीची थोरवी गात होते आणि रंगमंचावर माफी निकालात निघाली होती. दहशतवादावर नाटक जरूर लिहावे. पण त्यासाठी एका मुसलमान पात्राच्या हातून घडलेली रहमत रद्द का करावी, हा आमचा सवाल आहे.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, लिऑन येथे लेबनॉनमध्ये जन्मलेल्या वाजदी मुआवाद यांनीही संवाद बदलले. त्यांचा खेळ सुटकेनंतर सुरू होतो. चौघे सुखरूप घरी परतले आहेत, मेजवानी चालू आहे आणि तुर्काच्या डोक्याच्या प्रतिकृतीवर घाव घालण्याचा खेळ रंगला आहे. कॉन्स्टान्झे आणि ब्लोंडे त्यात सामील व्हायला नकार देतात. मग मागची हकीगत उलगडत जाते. गद्य फार लांबले, अशी टीका झाली, आणि ती गैर नसावी. पण येथे पाशाला आणि ओस्मीनला आपली बाजू मांडता आली. मुळातल्या वाटणीवरही बोट ठेवले गेले.

दोन्ही दिग्दर्शकांनी स्वातंत्र्य घेतले. ते काढून घ्या, असे आम्ही म्हणणार नाही. बंदीची मागणी करणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. पण प्रेक्षक म्हणून मोजमाप करण्याचा हक्क आमचाही आहे. श्टेफानीच्या बदलाने पाशा मोठा झाला. लिऑनमध्ये ओस्मीनही थोडा माणसात आला. एक्समध्ये मात्र दोघेही लहान झाले. कोणताही जुना खेळ नव्या रूपात समोर आला की त्यात किती बदलले हे मोजण्याआधी, ज्याला स्वतःचे गाणे नाही त्याचे काय झाले, एवढे आम्ही पाहू.