भाषिक अल्पसंख्याक
राज्याच्या लोकसंख्येत ज्यांची मातृभाषा बहुसंख्यांच्या भाषेहून वेगळी आहे, असा समूह. भारतीय संविधानाचे अनुच्छेद 29 व 30 अशा समूहाला भाषा जपण्याचा व शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयीचा अनुच्छेद 350-क मात्र राज्यपुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्ये, जोडला गेला.

छत्तीसगढात ही संज्ञा काहीशी उलटी लागू पडते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे राज्यकर्त्यांची भाषा म्हणून येथे आलेली मराठी आज अल्पसंख्याकांची असली, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे. उलट येथील बहुसंख्यांची छत्तीसगढी, 2007 मध्ये राजभाषेचा दर्जा मिळूनही, त्या अनुसूचीबाहेरच राहिली. भिलाईत पोलाद कारखान्यामुळे देशभरचे कामगार आले, आणि मल्याळी, तेलुगू, बंगाली, मराठी घरे एकाच वसाहतीत नांदू लागली.

दुर्ग-राजनांदगाव लोहमार्गावरील रसमड़ा स्थानकाच्या नावातही भाषांमधला भेद दिसतो: हिंदी लेखनात ‘ड’खाली नुक्ता येतो, मराठीत तो गळून ‘रसमडा’ उरते. लिपी एकच, पण गावाच्या नावाचे रूप ठरवायचे कोणी, हा प्रश्न संविधानाच्या कोणत्याही अनुच्छेदात नाही.