सरथाणा नेचर पार्क : उन्हाळी निसर्गफेरी

सुरत महानगरपालिकेचे हे प्राणिसंग्रहालय १९८४ साली तापीकाठी सुरू झाले. क्षेत्र सुमारे ८१ एकर. गोडादऱ्यातील आपल्या अनेक घरांची मुळे याच नदीच्या वरच्या अंगाला, खानदेशात आहेत.

मुले वाघ-सिंहांकडे धावतात. आम्ही मात्र आधी पाणमांजरे दाखवतो. त्यांच्या प्रजननासाठी हे संग्रहालय देशात ओळखले जाते. पाणमांजर दिवसाही हिंडते, त्यामुळे झोपलेल्या वाघापेक्षा पाहायला कितीतरी अधिक मिळते.

निसर्गफेरीचे खरे धन मात्र पिंजऱ्याबाहेर, झाडांवर असते. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात म्हणून उन्हाळ्यात काही दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. वीण याच दिवसांत असते. कोकीळ ओरडतो तो काळा नर; ठिपक्यांची मादी गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. ‘टुक टुक’ असा एकसुरी ठोका ऐकू आला की वाळक्या फांदीवर तांबट शोधावा. गुजराती शेजारी त्यालाच कंसारो म्हणतात. दोन्ही भाषांना त्या आवाजात भांडी घडवणाराच आठवला! खंड्या म्हणजे कलकलियो, पाणमांजर म्हणजे जळबिलाडी. शाळेत मुलांना गुजराती नावे मिळतात, मराठी नावे आपणच सांगायची. नाहीतर ती आजी-आजोबांबरोबरच संपतील.

शक्यतो सकाळीच जावे. टोपी, पाणी सोबत हवे. घरटे दिसल्यास लांबूनच पाहावे. माणूस जवळ थांबला तर पालक पक्षी पिलांकडे येत नाहीत, आणि वैशाखाच्या उन्हात पिले तेवढ्यानेही दगावतात.