रविवारचा किनारा

पोर्ट ऑफ स्पेन ही त्रिनिदाद बेटाची राजधानी. शहर बंदराचे खरे, पण समुद्रस्नानाजोगा किनारा त्याच्या दाराशी नाही. दक्षिणेस कारोनीची दलदल, उत्तरेस डोंगराची भिंत. म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलांबाळांना घेऊन समुद्रावर जावयाचे, तर शहरवासी पश्चिमेची, शाग्वारामस भूशिराची वाट धरीत.

ही वाट महायुद्धाने बंद केली. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटनने ५० जुन्या विनाशिका घेऊन कॅरिबियनमधील जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने अमेरिकेच्या नाविक तळांसाठी देऊ केल्या. शाग्वारामस त्यांतच गेले. लोकांचा स्नानाचा किनारा जाईल, त्यापेक्षा कारोनीची दलदल भरून घ्यावी, असे खुद्द गव्हर्नर सर ह्यूबर्ट यंग यांनी सांगून पाहिले. लंडनने ऐकले नाही. साम्राज्याच्या हिशेबात प्रजेच्या रविवारला किंमत ती काय असणार!

भरपाई म्हणून अमेरिकनांनी उत्तरेचा डोंगर कापून माराकस खाडीपर्यंत रस्ता बांधला. तो १९४४ साली खुला झाला. माराकसची वाळू सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु रस्ता चढणीचा आणि वळणांचा. तेथे जाण्यास मोटार हवी. ज्याच्यापाशी मोटार त्याचा किनारा, असा हा मोबदला होता, असे आम्हांस वाटते.

पुढे इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९५५ पासून वुडफोर्ड चौकात हजारोंपुढे त्यांची व्याख्याने होत. त्या चौकास ते विद्यापीठच म्हणत, याचे अप्रूप व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस वाटावे! २२ एप्रिल १९६० रोजी भर पावसात त्यांनी शाग्वारामससाठी मोर्चा काढला. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९६७ मध्ये नाविक तळ उठला.

तोवर शहरातील माणूसही बदलू लागला होता. माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. आफ्रिकी गुलामांचे आणि १८४५ पासून आलेल्या हिंदी गिरमिटियांचे वंशज शिक्षक, कारकून, सरकारी नोकर झाले. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव कडाडले, पगार वाढले आणि मोटारी घरोघर दिसू लागल्या. माराकसच्या रस्त्यावर रविवारी रांगा लागू लागल्या. शेजारच्या कित्येक बेटांवर किनारा परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलांसाठी राखलेला; येथे पाहुणा शहरातलाच. तळलेल्या जाड पुरीसारख्या पावात मुशीचा तळलेला तुकडा घालून, वर चिंचेची चटणी ओतून तो खातो. जोडून सुट्टी आली की टोबॅगोची बोट पकडतो. कार्निव्हलचे दोन दिवस नाचून दमलेले लोक तिसऱ्या दिवशी समुद्रातच अंग शेकतात.

शाग्वारामसमधील मॅकेरिप खाडीत आता पुन्हा पोहता येते. पण सवय मोठी चिवट. रविवारी सकाळी शहर अजूनही अमेरिकनांनी बांधलेल्या त्याच रस्त्याने डोंगर चढते.