खुंटी आधीं कीं भोंक आधीं?

सुतारकामांतलें सर्वांत सोपें काम कोणतें, असें विचारलें तर पुष्कळ लोक भोंक पाडण्याचेंच नांव घेतील. परंतु हवें तेवढ्याच मापाचें भोंक पाडणें, ही गोष्ट निराळी. दुकानांत तीन अष्टमांश इंचाचें पातें मिळतें, दहा मिलिमीटरचें मिळतें. त्यांच्या मधलें मागितलें कीं दुकानदार मान हलवितो. आणि आजोबांच्या काळची खुर्ची दुरुस्त करावयास घेतलेल्या माणसाला नेमकें तेंच मधलें माप लागतें! ही अडचण सुतारकीइतकीच प्राचीन असेल असें प्रथमदर्शनीं वाटतें. वास्तविक ती कारखान्यांबरोबर जन्मास आली.

इजिप्तमधील थीब्स येथें रेखमिरे नांवाच्या वजिराचें थडगें आहे. तें इसवी सनापूर्वीं पंधराव्या शतकांतलें. त्याच्या भिंतीवरील चित्रांत एक सुतार कमानीच्या दोरीनें पातें गरगर फिरवून लाकडाला छिद्र पाडतांना दाखविला आहे. आपल्या सुताराचा सामता ह्याच जातीचा. पुढें १९३६ सालीं स्वीडनच्या गॉटलंड बेटावर, सुकविलेल्या दलदलीच्या जमिनींत, नांगराला एक ओकची पेटी अडकली. ती सुमारें एक हजार वर्षांपूर्वींची निघाली. तींत व तिच्या आसपास दोनशेंहून अधिक वस्तु सांपडल्या. त्यांत चमच्याच्या आकाराचीं, लाकूड कोरणारीं पातींही होतीं. अशा पात्यांचें माप कोणत्याही यादींतून आलेलें नसे. लोहाराच्या ऐरणीवर जें उतरेल तेंच त्याचें माप.

मग काम अडत कसें नसे? ह्याचें उत्तर इंग्लंडांतील हाय विकम येथील खुर्च्या करणाऱ्यांकडे पाहिलें म्हणजे मिळतें. हा कारागीर चमचा-पातेंच वापरी, आणि प्रत्येक पातें त्याच्या स्वतंत्र लाकडी दांड्यांत कायमचें बसविलेलें असे. एक दांडा पायांच्या भोंकांसाठीं, दुसरा पाठीच्या काड्यांसाठीं. तें पातें अमुक इंचाचें आहे कीं नाहीं, याची त्याला फिकीर नव्हती. आधीं भोंक पडे, आणि त्या भोंकास बसेल असें पायाचें टोंक चरकावर कातलें जाई. तें टोंक चांगलें सुकवून, किंचित् ओलसर असलेल्या बैठकींत ठोकीत. मग बैठक सुकतांना आवळे, टोंक हवेंतील ओल पिऊन फुगे, आणि सांधा पक्का होई. म्हणजे भोंक हा धनी, आणि खुंटी त्याच्या ओंजळीनें पाणी पिणारी. पातें झिजलें तर त्याला आंतल्या अंगानेंच धार लावावयाची, बाहेरून नाहीं. कारण बाहेरून घांसल्यास त्याचा घेर कमी होतो. घरचें माप राखलें म्हणजे झालें, जगाशीं कर्तव्य नाहीं.

लंडन शहरांतील जुने पाण्याचे नळही एल्म झाडाचे बुंधे पोखरून केलेले असत. न्यू रिव्हर कंपनीचा कालवा १६१३ सालीं सुरू झाला, त्याचें पाणी अशाच नळांतून घरोघर जाई. एवढें मोठें भोंक एका दमांत पाडीत नसत. लहान पात्यानें वाट करून मग अधिकाधिक रुंद पात्यांनीं ती वाढवीत. आग लागली कीं रस्ता खणून नळाला भोंक पाडीत, आणि आग विझल्यावर त्या भोंकांत लाकडी बूच ठोकीत. बूच कोणत्या मापाचें? त्या भोंकाच्या!

हा क्रम उलटा झाला तो लोखंडी बोल्ट बाजारांत तयार मिळूं लागल्यावर. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांचें एकच प्रमाण सुचविलें. तयार बोल्ट कांहीं भोंकासाठीं बारीक होत नाहीं. आतां भोंकानेंच त्याच्याशीं जुळतें घेतलें पाहिजे. अमेरिकेंत रसेल जेनिंग्ज यानें १८५५ सालीं पिळदार पात्याचें पेटंट घेतलें. अशा पात्यांच्या शेपटीवर आंकडा ठोकलेला असतो. सात म्हणजे इंचाचे सात सोळांश. पाव इंचापासून एक इंचापर्यंत तेरा पातीं होतात. त्यांचीं मापें मिळविलीं तर साडेबत्तीस पाव-इंच भरतात, म्हणून व्यापारी त्याला 'साडेबत्तीस पावांचा संच' म्हणत. तेरा मापें हातीं आलीं आणि त्यांमधलीं सर्व मापें एकाएकीं दुर्मिळ झालीं.

ह्याच सुमारास, १८५१ सालीं, रॅन्सम कुक यानें लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्याचें निरीक्षण करून पात्याचें पेटंट मिळविलें. अळीला मात्र मापाची चिंता नाहीं. ती आपल्या अंगापुरतें पोखरते.

मधल्या मापांवर एक तोड क्लार्क नांवाच्या अमेरिकनानें १८५८ सालीं काढली. त्याच्या पात्याची कापणारी जीभ बाजूला सरकवून स्क्रूनें आवळतां येते. अशा लहान पात्यानें अर्ध्या इंचापासून दीड इंचापर्यंत, मोठ्यानें तीन इंचांपर्यंत कोणतेंही भोंक पडतें. युक्ति मोठी चतुर. पण जीभ एकाच बाजूला असल्यानें हाताला झटके बसतात, आणि आधीं निकामी फळीवर परीक्षा घेतल्यावांचून चालत नाहीं. शिवाय अर्ध्या इंचाच्या आंत तिचा उपयोग नाहीं.

तेथें कानसच कामास येते, परंतु कोणतें पातें घांसावयाचें हें कळलें पाहिजे. पिळदार पात्याचें तोंड बाहेरून घांसलें तर भोंक लहान पडतें खरें, पण मागचा जाड पीळ त्या भोंकांत शिरत नाहीं आणि पातें अडकून बसतें. जुन्या पद्धतीच्या चपट्या, मध्यभागीं अणकुची असलेल्या पात्याचें तसें नाहीं. त्याचा दांडा बारीक असल्यामुळें कडा थोडी थोडी घांसून हवें तें माप साधतें. पोलाद मात्र घांसतांना तापूं देऊं नये, नाहीं तर लोहारानें दिलेलें पाणी उतरतें.

भारतांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, पण पूर्वींचीं पातीं पेट्यांत राहिलींच. सहा नंबरचें पातें म्हणजे ९.५२५ मिलिमीटर; बाजारची खुंटी दहाची. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या ह्या फरकानें खुंटी जातच नाहीं, आणि जोर केला तर फळी चिरते. अशा वेळीं नवें पातें शोधीत हिंडण्यापेक्षां जुन्या कारागिरांचा उपाय सरस. पोलादी पट्टीला पात्याच्या मापाचें छिद्र करून तिची वरची कड धारदार ठेवावयाची, खालीं मोकळी जागा असलेल्या ठोकळ्यावर ती बसवावयाची, आणि सरळ रेषांच्या लाकडाची चिरफाळी लांकडी हातोड्यानें तींतून ठोकीत न्यावयाची. खालून जी खुंटी बाहेर पडते, ती सहा नंबरच्या भोंकांत नीट बसते.