काळे सोने (नॅनो-उत्प्रेरक)

काळे सोने : कार्बन डाय-ऑक्साइडचे मिथेन या इंधनात रूपांतर घडवणारे सोने व सिलिका यांचे नॅनोद्रव्य. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाचे हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

रचना : पाया तंतुमय नॅनोसिलिकेचा. पोलशेट्टीवार सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात असताना तिचा शोध लागला व २०१० मध्ये तो जाहीर झाला. तिच्या गोल कणात शेवंतीच्या पाकळ्यांसारखे तंतू केंद्रापासून चहूकडे पसरतात. त्यामुळे पृष्ठभाग विस्तीर्ण होतो आणि वायूचे रेणू आतपर्यंत पोहोचतात. तंतूंवर अमाइन गट जोडले की ही सिलिका कार्बन डाय-ऑक्साइड धरून ठेवते. तिच्या तंतूंवर सोन्याचे कण वाढवले की काळे सोने तयार होते.

सोन्याचे सुटे, गोल नॅनोकण मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते पाण्यात लाल दिसतात. तंतूंवर ते कमी-अधिक अंतरांवर बसले की त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची आंदोलने परस्परांत गुंततात. मग दृश्य प्रकाश आणि त्यालगतचा अवरक्त प्रकाशही शोषला जातो. रंग काळा होतो तो यामुळे.

उपयोग : कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू फार स्थिर असतो. निकेलवर हायड्रोजनच्या साहाय्याने त्याचा मिथेन करण्याच्या साबात्ये पद्धतीत काहीशे अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते. काळ्या सोन्याने सौरऊर्जेवर, वातावरणाच्याच दाबाला व तापमानाला मिथेन दिला. समुद्राच्या पाण्याची वाफ करून पिण्याचे पाणी मिळवण्यासही ते उपयोगी ठरले.

संबंधित संशोधन : याच गटाने २०२० मध्ये कोणत्याही धातूविना, नॅनोसिलिकेतील रचनादोषांच्या आधारे मिथेन मिळवला. पुढे मॅग्नेशियमचे नॅनोकण, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्यापासून सामान्य तापमानाला मिथेन, मिथेनॉल व फॉर्मिक आम्ल तयार केले.

मर्यादा : सोने महाग आहे. मॅग्नेशियम अभिक्रियेत खर्ची पडते आणि ते पुन्हा मिळवण्यास बरीच ऊर्जा लागते. मिथेन जाळला की कार्बन डाय-ऑक्साइड हवेत परततो. उत्प्रेरक अभिक्रियेची वाट सोपी करतो, पण इंधनात साठणारी ऊर्जा बाहेरूनच द्यावी लागते. ती सूर्यासारख्या स्वच्छ स्रोतातून आली, तरच हवेतील कार्बनचा भार कमी करण्यास अशा द्रव्यांची खरी मदत होईल.